पाच सेंटिमीटर

यंदाच्या अंकाचा विषय ‘माप’ ठरला, तेव्हा वजनकाटे, जमिनीची मोजणी, शिंप्याची टेप असं बरंच काही संपादकांच्या मनात होतं. या लेखातलं माप पाच सेंटिमीटरचं आहे. हृदय बंद पडलेल्या प्रौढ माणसाच्या छातीवर दोन्ही हात ठेवून दाबताना छातीचं हाड निदान एवढं खाली जायला हवं, आणि सहाच्या पुढे जाऊ नये. वेग मिनिटाला १०० ते १२०. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, तिच्यावर रेलून राहायचं नाही. ३० दाबांनंतर अँबू बॅगने, म्हणजे हाताने दाबून श्वास भरायच्या पिशवीने, दोन श्वास, आणि १० सेकंदांच्या आत पुन्हा दाब सुरू. जीएनएमच्या किंवा बी.एस्सी. नर्सिंगच्या विद्यार्थिनीला झोपेतून उठवून विचारलं तरी ती हे घडाघडा सांगेल. हाच सीपीआर. तोंडी परीक्षेत तो सगळ्यांनाच येतो. तो हातांना येतो का, हे मात्र कित्येक वर्षं कुणी नीट मोजून पाहिलेलं नव्हतं.

नर्सिंग कॉलेजच्या स्किल लॅबमध्ये हा फरक डोळ्यांनी बघता येतो. टेबलावर किंवा जमिनीवर कमरेपर्यंतचा पुतळा, म्हणजे मॅनिकिन. त्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसलेली मुलगी, कोपर ताठ, ओठांत आकडे. ट्यूटर मॅडम बाजूला उभ्या, ‘जोरात, अजून जोरात’ म्हणताहेत. पुतळा साधा असेल तर गोष्ट एवढ्यावर संपते: दोन मिनिटं झाली, मुलगी घामाघूम झाली, मॅडमनी वहीत बरोबरची खूण केली. पुतळ्याच्या आत सेन्सर असेल आणि त्याला जोडलेला टॅब मुलीला दिसणार नाही असा ठेवला असेल, तर नंतर तो फिरवून दाखवला की चेहरे बघण्यासारखे होतात. पहिलं अर्धं मिनिट ठीक असतं. त्यानंतर खोली कमी होत जाते आणि वेग वाढत जातो. छाती पूर्ण वर येत नाही, कारण दमलेले हात तिच्यावरच विसावू लागतात. करणारीला विचारलं तर ती म्हणते, ‘चांगलं चाललं होतं की.’ ती खोटं बोलत नसते. तिला खरंच तसं वाटत असतं.

माझं म्हणणं या ‘वाटण्या’पासून सुरू होतं. नर्सेसच्या सीपीआर प्रशिक्षणात फीडबॅक देणारी यंत्रं यायला हवीत, याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. वाद आहे तो ती कशी वापरायची याचा, आणि आपल्याकडे तो सुरूच झालेला नाही. यंत्र विकत घेणं सोपं. ते वर्षातून एकदा पाहुण्यासारखं बाहेर काढायचं, की वॉर्डाच्या रोजच्या कामात थोडं थोडं मिसळायचं, यावर त्याचा उपयोग ठरतो.

हातांची साक्ष

बंद छातीवरून हृदयाला मालिश करण्याची पद्धत अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात काउवेनहोवन, जूड आणि निकरबॉकर या तिघांनी १९६० मध्ये मांडली. त्यातलं क्रांतिकारक काही असेल तर ते हे की, तोवर छाती उघडून शल्यविशारदाने करायचं काम आता दोन हातांनी, कुठेही, कुणालाही करता येणार होतं. पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं जगभर हे तंत्र शिकवलं गेलं, लाखो प्रमाणपत्रं वाटली गेली, आणि शिकलेले लोक प्रत्यक्ष रुग्णावर ते तसंच करतात हे गृहीत धरलं गेलं.

२००५ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात आलेल्या दोन अभ्यासांनी त्या गृहीतकाला तडा गेला. शिकागो विद्यापीठाच्या रुग्णालयात ६७ रुग्णांच्या सीपीआरची पहिली पाच मिनिटं यंत्राने नोंदवली गेली. करणारे सगळे प्रशिक्षित कर्मचारी होते. त्यांचे ३७ टक्क्यांहून अधिक दाब त्या वेळच्या किमान खोलीपेक्षा, म्हणजे ३८ मिलिमीटरपेक्षाही उथळ निघाले. चौथ्या हिश्शाहून जास्त वेळ वेग नव्वदच्या खाली होता. श्वास मात्र भरमसाठ दिले जात होते. सुमारे ६१ टक्के वेळा ते मिनिटाला वीसपेक्षा जास्त भरले. दुसरा अभ्यास स्टॉकहोम, लंडन आणि नॉर्वेतला आकर्सहूस परगणा इथल्या अँब्युलन्सवरचा होता, १७६ रुग्णांचा. तिथे रक्ताभिसरण बंद असतानाच्या वेळापैकी ४८ टक्के वेळ छातीवर दाबच पडत नव्हता, आणि सरासरी खोली होती ३४ मिलिमीटर. ही माणसं आळशी नव्हती, अडाणी तर मुळीच नव्हती. रोज हेच काम करणारी होती.

असं का होतं, याची कारणं शरीरातच आहेत. हाताला जोर कळतो, अंतर कळत नाही. सर्वसाधारण मॅनिकिनची स्प्रिंग पाच सेंटिमीटर दाबायला सुमारे ४५ किलोंचा भार लागतो. पण खरी छाती म्हणजे एकसारखी स्प्रिंग नव्हे. म्हाताऱ्या बाईची बरगडी आणि तिशीतल्या मजुराची बरगडी यांना लागणारा जोर कितीतरी वेगळा असतो. तेवढाच जोर लावून एका छातीवर तीन सेंटिमीटर होतील, दुसरीवर सहा. त्यात थकवा. दाबांची खोली पहिल्या मिनिटानंतरच उतरायला लागते. करणाऱ्याला दमल्याची जाणीव होते ती बऱ्याच उशिरा. म्हणून तर दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा नियम आहे. आणि भीती: समोर माणूस मरत असताना हातांचा वेग आपोआप वाढतो, वेग वाढला की खोली घटते.

आपल्या वॉर्डांतल्या सिस्टरचं वजन ४५–५० किलोंच्या आसपास असणं अगदी सामान्य आहे. म्हणजे तिला मनगटाच्या नव्हे, जवळजवळ सगळ्या अंगाच्या भाराने दाबावं लागणार, आणि त्यासाठी खांदे रुग्णाच्या छातीच्या बरोबर वर यायला हवेत. खाट उंच असेल आणि पायाखाली पायरीचं स्टूल नसेल, तर तिच्या हातून पाच सेंटिमीटर होणं भौतिकशास्त्राच्याच विरोधात जातं. साध्या पुतळ्यावर जमिनीवर बसून शिकलेलीला हे कधीच कळत नाही. मोजणाऱ्या पुतळ्याला खाटेवर ठेवून सराव केला, की पहिल्याच मिनिटात कळतं, आणि तिच्या लक्षात राहतं ते स्टूल. पुढच्या वेळी क्रॅश कार्ट, म्हणजे तातडीच्या साहित्याची गाडी, मागवली की पाठोपाठ ती ते मागवते.

अनुभवी ट्यूटरची नजर पुरेशी नाही का, असं कुणी विचारेल. वेग ती ओळखते, मोजूनही सांगते. हात चुकीच्या जागी आहे हे तर लगेच. पण खोली? बाजूने बघून चार आणि पाच सेंटिमीटरमधला फरक मिनिटाला ११० वेळा ओळखायचा, आणि प्रत्येक वेळी छाती शेवटच्या अर्ध्या सेंटिमीटरसकट वर आली का हेही बघायचं, हे माणसाच्या डोळ्याचं काम नाही. हे छोटे फरकच तर निर्णायक असतात. सलग दाबांमुळे हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांतला दाब हळूहळू चढत जातो. दाब थांबले की तो झरकन उतरतो आणि पुन्हा चढायला आणखी काही दाब खर्ची पडतात. छातीवर रेलून राहिलं तर शरीरातलं रक्त हृदयाकडे परतत नाही, मग पुढचा दाब कितीही खोल असला तरी पंपात भरायला काही नसतं.

यंत्राच्या पोटात

या यंत्रांचा उगम एका खेळणीवाल्यापाशी जातो. नॉर्वेतल्या स्टॅव्हांगर गावचे आस्मुन्ड लेर्डाल बाहुल्या आणि खेळण्यातल्या गाड्या बनवायचे, मऊ प्लास्टिकवर त्यांचा हात बसलेला होता. भूलतज्ज्ञांच्या सांगण्यावरून त्यांनी १९६० मध्ये तोंडाने श्वास देण्याचा सराव करण्यासाठी माणसाच्या आकाराची बाहुली तयार केली. तिचा चेहरा पॅरिसच्या सेन नदीत सापडलेल्या अनोळखी मुलीच्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या मुखवट्यावरून घेतला होता. ‘रिससी अ‍ॅन’ या नावाने ती जगभर गेली. छातीत स्प्रिंग आली, पुढे कागदाच्या पट्टीवर दाबांचा आलेख उमटवणारी आवृत्ती आली. म्हणजे मोजण्याची कल्पना नवी नाही. नवं आहे ते मोजलेलं त्या क्षणी, करणाऱ्यालाच दाखवणं.

आज बाजारात दिसतात ते प्रकार ढोबळमानाने असे. सर्वांत साधा मेट्रोनोम: नुसती टिकटिक, वेगासाठी. मोबाइलमध्ये तो फुकट मिळतो, आणि ज्या कॉलेजकडे पैसेच नाहीत त्याने निदान एवढं तरी वापरायला काय हरकत आहे? त्यानंतर पुरेसा दाब पडला की ‘टक्’ वाजणारे पुतळे, आणि खांद्यावर किंवा छातीवर लाल-पिवळे-हिरवे दिवे असलेले. त्यापुढे सेन्सर असलेले मॅनिकिन, जे मोबाइल किंवा टॅबवर खोली, वेग, छातीचं वर येणं, श्वासाचं आकारमान आणि दाब थांबलेला वेळ असं सगळं दाखवतात. शेवटी खऱ्या रुग्णाच्या छातीवर ठेवायची चकती, काही डिफिब्रिलेटरच्या (हृदयाला शॉक देणाऱ्या यंत्राच्या) पॅडमध्येच बसवलेली. तिच्यात प्रवेगमापक असतो, आपल्या मोबाइलचा पडदा आडवा-उभा करतो तसाच. हाताबरोबर चकती किती झपाट्याने खाली-वर होते यावरून ती गणिताने अंतर काढते.

या गणितात एक मेख आहे आणि ती प्रत्येक नर्सला शिकवली पाहिजे. रुग्ण मऊ गादीवर असेल तर दाबाबरोबर गादीही खाली जाते. चकतीला गादी आणि छाती यांतला फरक कळत नाही. ती दोन्हींची बेरीज सांगते. पडद्यावर पाच सेंटिमीटर, छातीत प्रत्यक्षात साडेतीन-चार. आयसीयूतल्या हवा भरलेल्या गाद्यांवर तर हे आणखी फसतं. पाठीखाली कडक फळी घातली तर चूक कमी होते, सगळी जात नाही. हवेच्या गादीला झटकन हवा सोडायची कळ असते, ती कुठे आहे हे ड्यूटीवरच्या सिस्टरला अंधारात हात लावून सापडायला हवं. यंत्र मोजतं ते नक्की काय, हे न शिकवता यंत्र हातात देणं म्हणजे मापात पाप करण्याची सोयच. प्रशिक्षणाच्या पुतळ्यात ही अडचण नसते, कारण तिथे सेन्सर छातीच्या आत, पाठीच्या तुलनेत अंतर मोजत असतो. त्याच पुतळ्याला गादीवर ठेवून वरून चकती लावली, की दोन आकड्यांतली तफावत स्वतःच धडा देते. हा प्रयोग कुठल्याही स्किल लॅबमध्ये अर्ध्या तासात होतो.

सहा मिनिटं

सीपीआरचं प्रमाणपत्र साधारण दोन वर्षं चालतं. कौशल्य किती चालतं? अमेरिकेतल्या दहा नर्सिंग कॉलेजांतल्या ६०० हून अधिक विद्यार्थिनी-विद्यार्थ्यांवर मेरिलिन ऑरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासलं. निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. सुरुवातीचं प्रशिक्षण सगळ्यांना मिळालं. नंतर एका गटाने महिन्यातून फक्त सहा मिनिटं, आवाजाने सूचना देणाऱ्या पुतळ्यावर सराव केला. दुसऱ्याने काहीच केलं नाही. वर्षअखेरीपर्यंत दुसऱ्या गटाच्या दाबांची खोली स्पष्टपणे घटलेली होती. पहिल्या गटाने ती टिकवली, आणि अँबू बॅगने पुरेसा श्वास भरण्याचं कौशल्य तर वाढवलं. बॅग हाताळणं दाबांपेक्षा अवघड असतं, मास्क तोंडावर घट्ट बसवणं हे सरावाशिवाय येतच नाही, त्यामुळे हा दुसरा निष्कर्ष मला जास्त बोलका वाटतो.

कॅनडातल्या नोकरी करणाऱ्या नर्सेसवरचा २०१९ चा अभ्यास याच प्रश्नाला पुढे नेतो: सराव किती दिवसांनी हवा? फीडबॅक देणाऱ्या पुतळ्यावरचे छोटे सराव एका गटाला दर महिन्याला, दुसऱ्याला तीन महिन्यांनी, तिसऱ्याला सहा, चौथ्याला वर्षाने. वर्षाअखेर उत्तम सीपीआर करू शकणाऱ्यांचं प्रमाण अनुक्रमे ५८, २६, २१ आणि १५ टक्के होतं. महिन्याच्या आणि तीन महिन्यांच्या सरावात एवढी दरी असावी, हे धक्कादायक आहे. पण आकडा वाचताना हेही बघावं की महिन्याच्या गटात मोजल्या गेलेल्या नर्सेस होत्या २६, बाकीच्या गटांत चाळिसाच्या वर. लहान गटाच्या टक्केवारीवर फार उड्या मारू नयेत. आणि दर महिन्याला सरावाला यायला जमवणं हेच किती कठीण, याचा अंदाजही यातूनच येतो.

अमेरिकन हार्ट असोसिएशनने जानेवारी २०१९ च्या अखेरपासून प्रौढांच्या सीपीआर अभ्यासक्रमात सूचना देणारं फीडबॅक यंत्र सक्तीचं केलं. त्याआधीच, २०१५ पासून, त्यांनी आणि लेर्डाल कंपनीने रुग्णालयांसाठी दर तीन महिन्यांच्या छोट्या सरावाची योजना आणली होती: वॉर्डाच्या कोपऱ्यात चाकांच्या गाडीवर पुतळा आणि संगणक, ड्यूटीच्या मधल्या वेळात येऊन काही मिनिटं दाबायचं आणि जायचं. कंपनीचा यात धंदा आहे हे उघड आहे, आणि वाचकाने तेवढी शंका जवळ बाळगावी. पण ‘थोडं थोडं, पुन्हा पुन्हा’ हे तत्त्व कंपनीच्या मालकीचं नाही. दिवसभराच्या कार्यशाळेत प्रत्येकीच्या वाट्याला पुतळा प्रत्यक्ष किती मिनिटं येतो हे मोजलं, तर दिसतं की ती कार्यशाळा बहुतांशी भाषण ऐकण्यात, रांगेत उभं राहण्यात आणि चहात जाते.

भारतात पाया घालून झालेला आहे. भूलतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या इंडियन रिससिटेशन कौन्सिलने २०१७ मध्ये इथल्या परिस्थितीला धरून मार्गदर्शक तत्त्वं दिली: सामान्य माणसासाठी नुसते दाब, रुग्णालयातल्या डॉक्टर-नर्सेससाठी सगळी प्रक्रिया. इंडियन नर्सिंग कौन्सिलने २०२१ मध्ये लागू केलेल्या बी.एस्सी. नर्सिंगच्या सुधारित अभ्यासक्रमात जीवरक्षणाचं प्रशिक्षण स्वतंत्र घटक म्हणून आलं. म्हणजे पहिलं शिकणं होतं. दुसरं, तिसरं, दहावं शिकणं कुठे होतं, याला कागदावरही नीट जागा नाही.

बोट सोडण्याची वेळ

आता सर्वांत गंभीर आक्षेप, आणि तो यंत्राच्या विरोधकांनी नव्हे, कौशल्य कसं शिकलं जातं याचा अभ्यास करणाऱ्यांनी घेतलेला आहे. साल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी १९८४ मध्ये मांडलेला विचार असा: कृती चालू असताना सतत मिळणारं मार्गदर्शन त्या वेळची कामगिरी सुधारतं, पण शिकणं बिघडवू शकतं, कारण माणूस स्वतःच्या शरीराकडून येणारे संकेत वाचायचं सोडून बाहेरच्या खुणेवर विसंबतो. गाणं शिकणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. गुरुजींची हार्मोनियम सोबत असेपर्यंत स्वर चोख लागतात. पेटी बंद झाली की षड्जही हलायला लागतो. हिरवा दिवा बघत दाबणाऱ्या मुलीचं तेच होऊ शकतं. वॉर्डात दिवा नसतो. म्हणून पडदा बघून मिळवलेल्या ९५ गुणांवर माझा फारसा विश्वास नाही.

याचा अर्थ यंत्र नको असा होत नाही. ते कधी झाकायचं हे शिकवणाऱ्याला कळायला हवं, एवढाच त्याचा अर्थ. पहिल्या काही मिनिटांत पडदा समोर असू द्यावा, म्हणजे पाच सेंटिमीटर अंगाला कसे लागतात, पाठीत कुठे ताण येतो, खांदे किती खाली जातात, हे एकदा बसेल. मग पडदा फिरवावा. दोन मिनिटं आंधळी. त्यानंतर, आकडे दाखवण्याआधी, तिलाच विचारावं: किती खोल गेलं असेल, वेग किती, शेवटच्या अर्ध्या मिनिटात काय झालं? उत्तर ऐकून मग टॅब. तिचा अंदाज आणि यंत्राचा आकडा यांतलं अंतर जसजसं कमी होतं, तसतसं ती खरी शिकते. कंपन्यांच्या अ‍ॅपमधला गुणांचा खेळ मजेदार असतो, विद्यार्थिनी स्पर्धाही लावतात, त्यात वाईट काही नाही. पण अंदाज विचारण्याची पद्धत अ‍ॅपमध्ये नसते. ती ट्यूटरकडूनच यायला हवी, आणि ट्यूटरला ती शिकवणारं कुणीतरी हवं.

उलट टोकाचा धोकाही आहे. आवाजी सूचना देणारी काही यंत्रं ‘जोरात दाबा, जोरात दाबा’ म्हणत राहतात. कोड ब्लूच्या, म्हणजे रुग्णाचं हृदय बंद पडल्याच्या इशाऱ्यानंतरच्या, गोंगाटात, डॉक्टर औषध मागत असताना, आणखी एक आवाज नको होतो आणि कुणीतरी तो बंद करतं. एका वेळी एकच गोष्ट सांगणारा फीडबॅक बरा, आणि तोही चूक मर्यादेबाहेर गेली तरच.

जीव वाचतात का?

प्रशिक्षणातला आकडा सुधारला हे मान्य. रुग्ण वाचले का? इथे पुरावा सरळ नाही आणि तो सरळ असल्यासारखा कुणी मांडत असेल तर सावध व्हावं. अमेरिका-कॅनडातल्या अँब्युलन्स सेवांमध्ये १,५८६ रुग्णांवर झालेला, २०११ मध्ये ‘बीएमजे’त आलेला प्रयोग सगळ्यात कडक होता: तेच मॉनिटर, कधी फीडबॅक चालू, कधी बंद. चालू असताना दाब किंचित सुधारले. हृदय पुन्हा सुरू होण्याचं प्रमाण मात्र ४५ आणि ४४ टक्के, म्हणजे सारखंच. उलट इराणमधल्या आयसीयूंत ९०० रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात छातीवर ठेवायचं एक बिनबॅटरीचं, पुरेसा दाब पडला की ‘टक्’ करणारं छोटं उपकरण वापरलं. घरी परतलेल्यांचं प्रमाण त्यामुळे २८ वरून ५४ टक्क्यांवर गेल्याचं लेखक सांगतात. एवढ्या साध्या उपायाने एवढा मोठा फरक, हे वाचून आनंद होण्याआधी भुवया उंचावतात. दुसऱ्या कुणी, दुसऱ्या देशात हाच निकाल मिळवेपर्यंत मी तो आशेच्या खात्यात ठेवीन, जमेच्या नाही.

या दोन टोकांच्या मधला ॲरिझोनातला २०१३ चा अनुभव मला अधिक शिकवणारा वाटतो. तिथे अँब्युलन्सवरच्या लोकांना चालू फीडबॅकबरोबर प्रसंगांवर आधारलेला सांघिक सराव दिला: कोण दाबेल, कोण बदलेल, कोण मोजेल. वाचलेल्यांचं प्रमाण ८.७ वरून १३.९ टक्क्यांवर गेलं. आधी-नंतरची तुलना आहे, चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग नाही, हा त्यातला कच्चा दुवा. पण पहिल्या प्रयोगाशेजारी ठेवलं की गोष्ट जुळते. ‘बीएमजे’तल्या प्रयोगात नुसतं यंत्र होतं, आणि त्याने खोली वाढवली ती दीड-दोन मिलिमीटर. तेवढ्याने रुग्ण वाचायला लागावेत ही अपेक्षाच भाबडी होती. यंत्राभोवती माणसांची रचना बदलली, तेव्हा आकडाही हलला.

आणखी एक लक्षात घ्यायला हवं. हृदय बंद पडलेल्यांपैकी बहुतेक जण सर्वोत्तम सीपीआरनेही वाचत नाहीत. आजार, वय, पहिला दाब पडायला लागलेला वेळ, शॉक देता येण्याजोगी लय आहे की नाही, हे सगळं त्यात येतं. नर्सच्या हाती यातलं जे आहे ते एवढंच: पहिला दाब लवकर, आणि प्रत्येक दाब पुरेसा. रुग्णालयात रुग्ण कोसळलेला पहिल्यांदा दिसतो तो बहुधा तिलाच. डॉक्टर पोचेपर्यंतची ती दोन-चार मिनिटं तिच्या मालकीची असतात. जे तिच्या हाती आहे ते मोजून शिकवायचं नाही, कारण जे हाती नाही ते मोठं आहे, हा युक्तिवाद मला कळत नाही.

वॉर्डात कसं आणायचं

‘आमच्याकडे एका सिस्टरमागे इतके पेशंट, सराव कधी करणार?’ हा आक्षेप खरा आहे आणि तो मेट्रनच्या केबिनमधून येतो तेव्हा त्यात तक्रारीपेक्षा हिशेब जास्त असतो. म्हणून हिशेबच करू. महिन्याला सहा मिनिटं, वीस नर्सेसचा वॉर्ड: महिन्याचे दोन तास, सगळ्यांचे मिळून. ३०० नर्सेसचं रुग्णालय: महिन्याला ३० तास. वर्षातून एकदा सगळ्यांना दिवसभराच्या कार्यशाळेला बसवलं, तर सहा तासांच्या हिशेबाने १,८०० तास होतात. महिन्याच्या सरावाचे वर्षभरात ३६०. नवीन येणाऱ्यांसाठी पूर्ण कार्यशाळा लागेलच. पण जुन्यांसाठी वेळ नाही म्हणणारं रुग्णालय जास्त महागाचा पर्यायच निवडत असतं.

पैशांचा आक्षेप जिल्हा रुग्णालयापाशी आणि लहान नर्सिंग होमपाशी जास्त टोचतो. सेन्सरवाला पुतळा साध्यापेक्षा महाग पडतो, त्याचे फुप्फुसांचे फुगे, चेहऱ्याचे मुखवटे वेळोवेळी बदलावे लागतात, आणि हा किरकोळ खर्च मंजूर न झाल्याने लाखाचा पुतळा कपाटात जातो. पण यासाठी प्रत्येक रुग्णालयाला वेगळा पुतळा लागत नाही. चाकांवरचा एक पुतळा आठवड्यागणिक वॉर्ड बदलत फिरू शकतो. तालुक्यातली चार छोटी रुग्णालयं मिळून एक ठेवू शकतात. कुलूपबंद स्किल लॅबमधले चार महागडे पुतळे आणि वॉर्डाच्या कोपऱ्यातला एक मध्यम प्रतीचा, यांतून निवडायचं झालं तर मी दुसरा निवडेन, आणि त्याच्याबरोबर पायरीचं एक स्टूल.

याहून अवघड गोष्ट आकड्यांच्या मालकीची आहे. यंत्र प्रत्येक सराव नावासकट साठवून ठेवतं. ती नोंद इन्चार्ज सिस्टरच्या हातात गेली आणि पुढे वार्षिक गोपनीय अहवालात डोकावली, किंवा रुग्ण दगावल्यावर नातेवाइकांच्या आणि वकिलांच्या कागदांत गेली, तर कोण पुतळ्याजवळ फिरकेल? ज्या सिस्टरला सर्वांत जास्त सरावाची गरज आहे तीच सर्वांत आधी टाळेल. म्हणून सरावाचे आकडे करणारीचे आणि तिच्या ट्यूटरचे, असा नियम आधी लिहून घ्यावा. खऱ्या कोड ब्लूनंतरची चर्चा वेगळी. ती सगळ्यांसमोर, डॉक्टरांसकट व्हावी, आणि तिथे प्रश्न ‘कुणाचं चुकलं’ असा नसून ‘दाब केव्हा थांबले आणि का’ असा असावा. अनेकदा कारण नर्सच्या हातात नसतंच. नळी घालायला कुणीतरी ‘जरा थांबा’ म्हटलेलं असतं, किंवा नाडी बघता बघता अर्धं मिनिट गेलेलं असतं. यंत्राची नोंद तेव्हा तिच्या बाजूने साक्ष देते, आणि वॉर्डातल्या उतरंडीत ज्युनिअर सिस्टरच्या बाजूने बोलणारं फारसं काही नसतं.

रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या एनएबीएच या संस्थेच्या निकषांत कर्मचाऱ्यांना सीपीआरचं प्रशिक्षण असणं आणि प्रत्येक घटनेनंतर तिचं विश्लेषण करणं, या दोन्ही गोष्टी आहेत. तपासणीच्या दिवशी त्यासाठी फाइल उघडली जाते, प्रमाणपत्रांच्या प्रती मोजल्या जातात, त्यांच्या तारखा बघितल्या जातात. त्याच तपासनिसाने फाइल बाजूला ठेवून नाइट ड्यूटीच्या एखाद्या सिस्टरला पुतळ्यापाशी नेलं, पडदा स्वतःकडे फिरवला आणि दोन मिनिटं दाबायला सांगितलं, तर रुग्णालयाच्या तयारीबद्दल त्याला फाइलपेक्षा जास्त कळेल. त्यासाठी आधी रुग्णालयात मोजणारा पुतळा असायला हवा, आणि तो कुठल्या मजल्यावर आहे हे त्या सिस्टरला ठाऊक असायला हवं.